विधवेची किटली, साठ फूट

चौदा सप्टेंबरला ऑरिन आणि व्हर्ना ट्वेट गाडी काढून यलोस्टोनला जाणार, हे लिव्हिंग्स्टन गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पस्तीस वर्षांत एकदाही खंड नाही. एका वर्षी ऑरिनचा पाय प्लास्टरमध्ये होता, तर व्हर्नाने गाडी चालवली आणि तो मागच्या सीटवर पाय पसरून तिच्या चालवण्याला दिवसभर नावं ठेवत गेला. लग्नाचा वाढदिवस दोघेही खुशाल विसरत. चौदा सप्टेंबर मात्र विसरत नसत.

यंदा व्हर्नाला जायचं नव्हतं. सकाळी सहा वाजता ती स्वयंपाकघरात उभी राहून हकलबेरी या रानफळाच्या 'पाय'वर, म्हणजे ओव्हनमध्ये भाजायच्या भरल्या पोळीवर, दुधाचा हात फिरवत होती आणि मनातल्या मनात आजारपणं शोधत होती. पाठ धरली म्हणावं तर काल संध्याकाळीच तिने अंगणातली लाकडं रचली होती. डोकं दुखतंय म्हणावं तर ऑरिन गोळी घेऊन समोर उभा राहिला असता. त्यात पाय असा काही खरपूस निघाला की टाकून जाणंही जिवावर यावं.

"एवढा मोठा पाय कुणासाठी?" ऑरिनने दारातून विचारलं. चौसष्ट वर्षांचा उंच, वाकलेला माणूस. आयुष्यभर त्याने लोकांच्या तळघरांतल्या भट्ट्या दुरुस्त केल्या होत्या, म्हणून दारातून वाकून बघायची सवयच लागली होती.

"त्या रोवीना बाईंसाठी. चार वाजता भेटणार आहेत ना."

"लाच देतेस?"

"गप बस आणि थर्मास भर," व्हर्ना म्हणाली खरी, पण त्याच्याकडे न बघता तिने पायवर फडकं टाकलं.

लाचच होती ती. त्याचं असं झालं होतं.

यलोस्टोनमध्ये गरम पाण्याची शेकडो कारंजी आहेत. ती बघायला जग लोटतं, पाच मिनिटं बघतं आणि आईस्क्रीम खायला जातं. पण काही माणसं तशी नसतात. मोठ्या कडेच्या टोप्या, घडीच्या खुर्च्या, गळ्यात वॉकी-टॉकी अशा थाटात ती एकेका भोकासमोर सहा-सहा तास बसून राहतात आणि ते उडालं की वेळ टिपून घेतात. ही कारंजेवाली मंडळी. त्यांना ना पगार, ना कुणी शाबासकी देतं. नियम मात्र देवळातल्यासारखे कडक. आपल्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. नुसता आवाज ऐकला तर 'आवाज' लिहायचं, वाफ दिसली तर 'वाफ'. कुणी खोटी नोंद केल्याचं कळलं तर त्याला कुणी टाकून बोलत नाही. फक्त त्यानंतर त्याला कुणी वेळ विचारत नाही. "ते पलीकडचं किती वाजता उडालं?" हा प्रश्न त्याला पुन्हा कधी येत नाही. त्या लोकांत याहून मोठी शिक्षा नाही.

ऑरिन आणि व्हर्ना दोघेही तरुणपणापासून कारंजेवाले. एकोणनव्वद सालच्या चौदा सप्टेंबरला, संध्याकाळी सहा चाळीसला, त्यांनी 'विधवेची किटली' उडताना पाहिली होती. ही किटली म्हणजे खोऱ्याच्या पार टोकाला असलेलं एक हट्टी कारंजं. शंभर वर्षांत तीन वेळा उडालेलं. पहिल्यांदा एका घोडदळाच्या कप्तानाने पाहिलं, दुसऱ्यांदा एका स्वयंपाक्याने, आणि तिसऱ्यांदा या दोघांनी. वहीत ऑरिनचं अक्षर होतं: 'उंची साठ फूट. सरळ पाहिलं. साक्षीदार दोन.' खाली दोघांच्या सह्या. आणि सह्यांची शाई वाळायच्या आत ऑरिनने तिला मागणी घातली होती. "जगात ही गोष्ट फक्त आपण दोघांनी पाहिलीय," तो म्हणाला होता, "मग आता वेगळं राहून कसं चालेल?"

हे वाक्य त्याने पुढे प्रत्येक लग्नात, बारशात, शेजाऱ्यांच्या जेवणात ऐकवलं. लोक डोळे पुसत. व्हर्ना बशीतल्या बटाट्याकडे बघत बसे.

कारण व्हर्नाने किटली पाहिलीच नव्हती.

सहा तास ती त्या भोकाकडे टक लावून बसली होती. नेमक्या त्या वेळी मागच्या कुरणात एक एल्क आला, ते घोड्याएवढं, शिंगांचं झाड डोक्यावर घेऊन चालणारं हरीण, आणि त्याने मान वर करून शीळ घातली. व्हर्नाने पाठ फिरवून दुर्बीण लावली. दोन मिनिटं, फार तर तीन. मागे धडाड आवाज झाला. "उडाली!" ऑरिन ओरडला. ती वळली तर समोर नुसती वाफ. पांढरी भिंतच, आणि पायाखालची फळ्यांची वाट ओली. ऑरिनचा चेहरा असा काही उजळला होता की तिला बघवेना. "पाहिलीस?" त्याने विचारलं. आणि सत्तावीस वर्षांची व्हर्ना, जिने तोवर आईलाही थाप मारली नव्हती, म्हणाली, "पाहिली."

पुढे तिला नोकरी लागली ती नेमकी जिल्हा कचेरीत, साक्षांकनाची. 'माझ्या समक्ष सही केली' असा शिक्का एकतीस वर्षं तिने मारला. एकदा एक बाई नवऱ्याची सही आधीच करून घेऊन आली. तो खाली गाडीत बसलाय, पाय मोडलाय, म्हणाली. व्हर्ना गुडघाभर बर्फात खाली उतरली, गाडीच्या काचेतून पुन्हा सही करून घेतली आणि मग शिक्का मारला. गावात तिच्या सचोटीची ख्याती झाली. तिचं तिलाच माहीत, हे सगळं कशाचं प्रायश्चित्त चाललं होतं ते.

आणि महिन्यापूर्वी रोवीना पाइकचं पत्र आलं. ही बाई सगळ्या जुन्या नोंदी तपासत होती. तिने अगदी नम्रपणे लिहिलं होतं, की किटलीचं तोंड मोजलं असता साठ फूट जरा जास्त वाटतात, तेव्हा दोन्ही साक्षीदारांना वेगवेगळं बसवून काही विचारायचं आहे. उदाहरणार्थ, पाणी सरळ वर गेलं की ओढ्याच्या बाजूला कललं?

वेगवेगळं बसवून. व्हर्नाने पत्र तीनदा वाचलं होतं आणि तिन्ही वेळा त्याच दोन शब्दांवर अडली होती. आपण चुकीचं सांगितलं तर ऑरिन खोटारडा ठरणार. खरं सांगितलं तर त्याला कळणार, की ज्या एका गोष्टीवर त्याने लग्न उभं केलं, ती त्याने एकट्यानेच पाहिली होती.

सात वाजता गाडी निघाली. यलोस्टोनच्या गार्डिनर फाटकातून आत शिरल्यावर सरळ दक्षिणेला गेलं की दोन तासांत कारंज्यांचं खोरं येतं. ऑरिनने गाडी डावीकडे वळवली.

"इकडून कुठे?"

"म्हटलं आज लांबून जाऊ. लांडगे बघू. घाई काय आहे?"

घाई अजिबात नव्हती. व्हर्नाला तर त्याचा मुका घ्यावासा वाटला. लामारच्या खोऱ्यात त्यांनी तास काढला. लांडगे दिसले नाहीत, पण एक कोल्हा गवतात उंदरावर उड्या मारत होता, तो ऑरिनने उंदीर सापडेपर्यंत बघितला. पुढे अस्पेनची झाडं पिवळी झाली होती, तिथे थांबला. टेकडीवर एक काळा ठिपका दिसला, अस्वल असेल म्हणून पुन्हा थांबला. तो जळक्या झाडाचा बुंधा निघाला, तरी दहा मिनिटं दुर्बीण लावून बसला. न जाणो, हलेल म्हणून.

आता हा तो माणूस, जो वाटेत थांबणाऱ्या पर्यटकांच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडत आला. 'गाय बघितली नाही का रे कधी?' असं खिडकीतून ओरडण्याबद्दल त्याला एकदा रेंजरने समजही दिली होती. आज तो स्वतः रस्त्याच्या कडेला एकुलता एक बायसन, तो तिथला केसाळ रानरेडा, चरताना दिसला म्हणून गाडी बाजूला घेत होता. व्हर्नाला वाटलं, खुशीत आहे बिचारा. पस्तीस वर्षांनी कुणीतरी त्याला त्याच्या किटलीबद्दल विचारणार आहे. या विचाराने तिला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सँडविच खाता खाता तिने हळूच खडा टाकून पाहिला. "काय सुंदर गेलं होतं ना रे पाणी? असं... सरळ."

ऑरिनने घास गिळला. "सरळ. हो. अगदी सरळ." मग कॉफीचा घोट घेऊन तो म्हणाला, "का, तुला कललेलं वाटलं का?"

"थोडंसं कललंही असेल."

"हो, थोडं कललंच होतं. ओढ्याच्या बाजूला."

"का जंगलाच्या?"

"तू कुठे उभी होतीस त्यावर आहे ते," ऑरिन म्हणाला आणि घाईघाईने उठून सँडविचचे कागद गोळा करू लागला.

व्हर्ना काय समजायचं ते समजली. म्हणजे तिला असं वाटलं. म्हातारपण आलं, विसरायला लागला. आता त्याला आठवत नाही आणि मी तर पाहिलंच नाही. चार वाजता त्या बाईंसमोर आमची धिंड निघणार.

दीड वाजता ते हेडनच्या खोऱ्यात पोचले आणि तिथे घोडं पेंड खाऊ लागलं. वळण घेतलं तर समोर गाड्यांची रांग, आणि गाड्यांमध्ये बायसन. पाचशे तरी असतील. नदी ओलांडून अख्खा कळप रस्त्यावर आला होता आणि पुढे जायचं का मागे, याचं कुणाचंच मत पक्कं दिसत नव्हतं. माद्या, पिल्लं, खांद्यापर्यंत चिखल माखलेले बैल, सगळे रस्त्याच्या मधोमध उभे राहून रवंथ करत होते. ऑरिनने इंजिन बंद केलं.

"यंदा फार आहेत," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती.

अर्धा तास गेला. मग एक तास. पुढच्या गाडीतली माणसं टपातून बाहेर निघून फोटो काढत होती. व्हर्नाने घड्याळ बघितलं. पावणेतीन. इथून खोरं अजून दीड तास. आपण पोचूच शकणार नाही, हे तिच्या ध्यानात आलं. रोवीना कंटाळून निघून जाईल. पुन्हा पत्र येईल, पुन्हा भेट ठरेल, पुन्हा महिनाभर रात्र रात्र जागायचं. पुढच्या वर्षीही हेच. आणि तिला अचानक त्या सगळ्याचा असा वीट आला की तिने सीटचा पट्टाच सोडला.

"ऑरिन, मला काहीतरी सांगायचंय. मध्ये बोलू नकोस."

"बोल की. बाहेर पाचशे बायसन आहेत, मी जाणार कुठे?"

"मी किटली उडताना पाहिली नाही."

ऑरिनने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. त्याच्या खिडकीला लागून एक दांडगा बैल आला होता आणि आरशावर कपाळ घासत होता. गाडी हळूहळू डुलायला लागली.

"एल्क आला होता मागे. मी त्याच्याकडे बघत होते. आवाज आला तेव्हा वळले, तर नुसती वाफ होती. तू विचारलंस पाहिलीस का, आणि तुझं तोंड... तुझं तोंड बघून मला नाही म्हणवलं नाही. आणि मग तू सही करायला दिलीस. आणि मग मागणीच घातलीस, जगात आपण दोघांनीच पाहिलं म्हणून. तेव्हा कसं सांगणार होते मी? नंतर लग्न झालं. मग रूथ झाली. बाळंतिणीने सांगायची गोष्ट आहे का ही? असं करत करत पस्तीस वर्षं मूग गिळून बसले. म्हणजे तू मला जे विचारलंस ना, ते खोट्यावर विचारलंस, आणि मी हो म्हटलं तेही खोट्यावरच. झालं. सांगून टाकलं."

गाडी डुलत होती. ऑरिन समोर बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने त्याचे कान दोनदाच इतके लाल बघितले होते, एकदा वडील गेले तेव्हा आणि एकदा रूथने गाडी गॅरेजच्या दारात घातली तेव्हा.

"साठ फूट कुठून आणलंस?" त्याने शेवटी विचारलं.

"काय?"

"मी तुला विचारलं, किती उंच गेलं असेल. तू म्हणालीस साठ."

"मला वाटलं तू माझी परीक्षा घेतोयस. आमच्या गावात चर्चचा मनोरा होता. त्यावर पाटी होती, उंची साठ फूट. तेच तोंडात आलं."

"लुथरन चर्चचा मनोरा."

"हो."

"पस्तीस वर्षं," ऑरिन सावकाश म्हणाला, "मी जगाला लुथरन चर्चचा मनोरा सांगत फिरतोय." आणि त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. हॉर्न जोरात वाजला. बायसन ढिम्म हलले नाहीत, पण मागच्या सहा गाड्यांना वाटलं की आता हॉर्न वाजवायची परवानगी मिळाली, आणि त्यांनी एकच गलका केला.

"ऑरिन! रडतोस की काय तू?"

तो रडत नव्हता. त्याने डोकं वर केलं तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं. पण ते भलतंच हसू होतं, पकडलेल्या चोराचं.

"व्हर्ना, मी पण नाही पाहिली."

व्हर्ना सीटवर पुरती त्याच्याकडे वळली.

"मी तिकडे बघतच नव्हतो. आवाज आला म्हणून ओरडलो. वळलो तर वाफ. मी म्हटलं, गेली, सहा तास बसून हुकली. म्हणून तर तुला विचारलं, तू पाहिलीस का. तू म्हणालीस, पाहिली. मी म्हटलं चला, एकाने तरी पाहिलीय. म्हणून उंची तुला विचारली! मला कुठे ठाऊक होती? तू सांगितलीस, मी लिहिली."

"आणि वर लिहिलंस, साक्षीदार दोन!"

"सही करायला वही तुझ्यापुढे धरली, तर तू केलीस. आता तू केल्यावर मी कसं म्हणणार की मी नाही पाहिली? सहा तास बरोबर बसून? मला वाटलं, ही पोरगी म्हणेल, कसला हा भोंगळ माणूस."

"मी खोटं बोलत असेन असं नाही वाटलं तुला?"

"तू? पहिल्या भेटीत मला म्हणाली होतीस की तुझा टाय बघून मळमळतं. मी म्हटलं, ही बाई मेली तरी खोटं बोलणार नाही."

व्हर्नाने टोपी काढली आणि त्याच्या खांद्यावर हाणली. मग पुन्हा हाणली. "मी महिनाभर झोपले नाही! तो कोल्हा, तो जळका बुंधा, ते सगळं... तू मुद्दाम उशीर करत होतास!"

"तू तरी कुठे घाई करत होतीस? आणि हा पाय! मला कळेना, ही का लाच देतेय, हिने तर पाहिलंय."

तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, आणि मग दोघेही असे हसत सुटले की पुढच्या गाडीतली माणसं बायसनचे फोटो सोडून यांच्याकडे बघू लागली. हसता हसता व्हर्नाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पाणी काही वेळ हसण्याचं नव्हतं. जीव भांड्यात पडतो म्हणतात ते इतकं शब्दशः असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. बरगड्या मोकळ्या झाल्या. तिने पायवरचं फडकं काढलं, बोटांनीच एक तुकडा मोडला आणि खाल्ला. एक त्याच्या तोंडात घातला.

"पण मग," तोंड पुसत ती म्हणाली, "तू बघत कुठे होतास? तू तर एल्ककडेही बघत नव्हतास. तुला तो आठवतच नाही, दरवर्षी म्हणतोस."

ऑरिनने आरसा सरळ केला. बैलाने तो पार वाकडा करून ठेवला होता.

"तुझ्याकडे. तू दुर्बीण लावून उभी होतीस; कशावर, ते मी बघितलंच नाही. मानेवरचे केस उडत होते. अंगठी खिशात होती दुपारपासून, आणि माझं आपलं चाललं होतं, आता विचारू, आता विचारू."

बायसननी अखेर मत बनवलं आणि ते रस्ता सोडून गवतात उतरले.

खोऱ्यात पोचायला साडेपाच वाजले. रोवीना पाइक किटलीसमोरच्या बाकावर अजून बसून होती. चाळिशीची, उन्हाने रापलेली बाई, मांडीवर जाडजूड फाइल, गळ्यात वॉकी-टॉकी. कारंजेवाल्यांना दीड तास उशीर म्हणजे काहीच नाही. व्हर्नाने पाय तिच्या हातात दिला. "दोन तुकडे कमी आहेत," ती म्हणाली, "आणि साठ फूट खोटं आहे."

मग दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली. रोवीना एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. ती हसली नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिने डोळे मिटून एक लांब श्वास सोडला.

"तुम्हाला सांगते," ती म्हणाली, "तीन वर्षं त्या साठ फुटांनी माझी झोप उडवली होती. एवढ्याशा भोकातून साठ फूट जातातच कसे? मला वाटलं, माझंच गणित चुकतंय. आणि तुम्हा दोघांना खोटं कोण म्हणणार? सगळे म्हणायचे, व्हर्ना ट्वेटची सही आहे."

तिने फाइल उघडून जुन्या वहीचं पान पुढे केलं. कारंजेवाल्यांत खोडतोड करत नाहीत. चुकीच्या शब्दांवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता यायला हवं, आणि शेजारी सही. ऑरिनने 'साठ फूट' वर रेघ मारली. 'सरळ पाहिलं' वर मारली. दोघांनी सह्या केल्या, या वेळी एकमेकांच्या समक्ष.

"आता काय लिहू?" त्याने विचारलं.

"पाहिलं तेवढंच."

त्याने लिहिलं: 'आवाज ऐकला. वाफ दिसली. फळ्यांची वाट ओली होती.'

"वेळ तरी खरी आहे ना?" रोवीनाने विचारलं. "सहा चाळीस?"

"ती खरी आहे. हिला मागणी घालायच्या आधी घड्याळ बघितलं होतं. पुढे कधी कुणी विचारलं तर सांगता यायला हवं ना."

रोवीनाने वॉकी-टॉकी तोंडाशी धरला. व्हर्नाने ऑरिनचा हात घट्ट पकडला. "विधवेची किटली, एकोणनव्वद सालची नोंद," रोवीना म्हणाली, "उंची रद्द. फक्त आवाज आणि वाफ. नोंद करणाऱ्यांनी स्वतः येऊन दुरुस्त केली. ऑरिन आणि व्हर्ना ट्वेट."

यंत्रात खरखर झाली. खोऱ्यात ठिकठिकाणी खुर्च्यांवर बसलेली तीस-चाळीस माणसं हे ऐकत होती, त्यांतली निम्मी यांना ओळखत होती. व्हर्ना वाट बघत राहिली. तेवढ्यात कुणातरी म्हाताऱ्याचा घोगरा आवाज आला.

"ट्वेट मंडळी आहेत का अजून तिथे? पुलावरून आली असतील. जरा विचारा त्यांना, ते पुलाजवळचं किती वाजता उडालं. मी चष्मा पुसत होतो."

रोवीनाने यंत्र ऑरिनपुढे धरलं. त्याने टोपी काढून काखेत धरली.

"पाच सत्तावीस," मग तो म्हणाला. "दोघांनी पाहिलं."

"खरंच दोघांनी," व्हर्ना मागून ओरडली.

रोवीना पाय घेऊन गेली. ते दोघे बाकावर बसून राहिले. किटलीच्या तोंडाशी पाणी गडगड करत होतं, वर येत होतं, खाली जात होतं. तशी ती नेहमीच करते, त्यावर कुणी विसंबत नाही. ऊन उतरलं. सहा वाजले, सव्वासहा झाले. थंडी पडू लागली तशी तिने त्याच्या खिशात हात घातला.

"मग," ऑरिन म्हणाला, "तुझा होकार आता रद्द का?"

"त्यावर रेघ मारली नाहीये अजून. विचार करतेय."

मागच्या कुरणात शीळ वाजली. लांब, उंच चढत गेलेली, आणि शेवटी घोगरी. व्हर्नाची मान वळायला लागली आणि तिने ती आवरली.

"तू बघ," ऑरिन म्हणाला. "बघ ना. मी इकडे लक्ष ठेवतो. पापणी नाही लववणार."

"नक्की?"

"शपथ."

ती उठली, पाठ फिरवून तिने दुर्बीण लावली. धुक्यातून शिंगं आधी दिसली, मग मान, मग सगळा एल्क. कुरणाच्या मधोमध उभा राहून त्याने तोंड वर केलं आणि वाफेचा एक ढग हवेत सोडला. मागे पाणी जरा जास्तच गडगडलं. व्हर्नाला मानेवर काहीतरी जाणवलं. केस उडत होते, दुसरं काही नव्हतं. तिने दुर्बीण न काढता विचारलं, "ऑरिन, बघतोयस ना?"

"बघतोय."

ती गर्रकन वळली.

"अरे, समोर बघ!"